बीईटी पुरस्कारांची बातमी लाल गालिच्यावरच का थांबते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जूनमध्ये अमेरिकेत बीईटी पुरस्कारांचा सोहळा होतो. ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन या वाहिनीने कृष्णवर्णीय गायक, अभिनेते आणि खेळाडू यांच्या सन्मानासाठी २००१ मध्ये तो सुरू केला. आपल्याकडच्या मनोरंजनाच्या पानांवर त्याची दखल घेतली जाते ती एका छायाचित्रापुरती. कोणी काय घातले, कोणाचा झगा किती लांब होता, एवढे सांगून बातमी संपते. पुरस्कार कोणाला मिळाले हे कधी असते, कधी नसते. मग दरवेळी तोच प्रश्न कानावर येतो: कृष्णवर्णीयांसाठी वेगळे पुरस्कार कशाला, हाही भेदभावच नाही का? प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देता येणार नाही. ज्या तपशिलात उत्तर आहे, तो तपशील त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तो पोचावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

टीव्हीवरच्या पुरस्कार सोहळ्यात दोन निकाल लागत असतात. एक मतमोजणीचा. दुसरा निकाल असतो तो कोणता पुरस्कार थेट प्रक्षेपणात द्यायचा आणि कोणता आधीच उरकून घ्यायचा याचा. पहिला निकाल जगाला कळतो. दुसरा निर्माते आणि वाहिनीचे अधिकारी यांच्या बैठकीत लागतो आणि कृष्णवर्णीय कलाकारांचे भांडण बहुतांशी या दुसऱ्या निकालाशी राहिलेले आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९८९ चे. त्या वर्षी ग्रॅमीने रॅप संगीतासाठी पहिल्यांदा स्वतंत्र विभाग केला. पुरस्कार डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स, म्हणजे आजचा अभिनेता विल स्मिथ, यांना मिळाला. पण तो प्रक्षेपणात दाखवायचा नाही असे ठरले होते. विजेते आले नाहीत. एलएल कूल जे आणि सॉल्ट-एन-पेपा या रॅप कलाकारांनीही बहिष्कार टाकला. विभाग दिला, ट्रॉफी दिली, पडदा मात्र दिला नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तो सोहळा लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये झाला. पुढे २००६ पासून काही वर्षे बीईटी पुरस्कार याच सभागृहात दिले गेले आणि तिथे रॅपचे पुरस्कार मुख्य वेळेत, मुख्य मंचावर आले.

आपल्याला हे दूरचे वाटू नये. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या झाकीर हुसेन यांना एकाच दिवशी तीन ग्रॅमी मिळाले, ‘शक्ती’ या त्यांच्या संचाला मिळाला आणि शंकर महादेवन मंचावर बोलले, याचा आपल्याला केवढा आनंद झाला होता! पण हे सगळे झाले ते दुपारच्या ‘प्रीमियर सेरेमनी’त. ती इंटरनेटवर दाखवली जाते. संध्याकाळच्या टीव्हीवरच्या मुख्य सोहळ्यात ती नसते. त्या वर्षी ग्रॅमीचे ९४ विभाग होते आणि संध्याकाळच्या प्रक्षेपणात त्यांतले मोजकेच आले. अमेरिकेतल्या टीव्हीपुढे बसलेल्या घरात झाकीरभाईंचा हा क्षण पोचलाच नाही.

वेगळा मंच कशाला, याचे उत्तर आणखी मागे जाते. १९४० मध्ये हॅटी मॅकडॅनिएल ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या. सोहळा अँबॅसडर हॉटेलात होता आणि त्यांना सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडच्या एका छोट्या टेबलावर बसवले गेले. १९८१ मध्ये एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यावर कृष्णवर्णीय गायक क्वचितच दिसत. १९८३ मध्ये मायकल जॅक्सनच्या लोकप्रियतेपुढे ती भिंत टिकली नाही, पण तोवर दोन वर्षे गेली होती. सभ्य नकाराची ही पद्धत महाराष्ट्राला समजावून सांगावी लागू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ज्या एनएएसीपी संघटनेच्या संस्थापकांपैकी डू बॉइस एक, तीच संघटना १९६७ पासून कृष्णवर्णीय कलाकारांना इमेज अवॉर्ड्स देते. बीईटीच्या आधीची ही परंपरा आहे. डॉन कॉर्नेलियस यांचे सोल ट्रेन संगीत पुरस्कारही १९८७ मध्येच सुरू झाले होते.

बीईटी ही वाहिनी रॉबर्ट जॉन्सन आणि शीला जॉन्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये उभी केली. २५ जानेवारी १९८० ला तिचे प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा ती आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री, फक्त दोन तास दिसे आणि तेही दुसऱ्या वाहिनीच्या वेळेत. सुरुवातीला हाताशी १५ हजार डॉलरचे कर्ज होते. केबल उद्योगातल्या जॉन मॅलोन यांनी ५ लाख डॉलर गुंतवले. १९९१ मध्ये ती न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदली गेली. कृष्णवर्णीयांच्या ताब्यातल्या कंपनीसाठी हे पहिल्यांदाच घडत होते. पुढे व्हायाकॉम या बड्या माध्यम कंपनीने सुमारे ३ अब्ज डॉलरला ती घेतली आणि त्याच सुमारास, १९ जून २००१ ला, लास व्हेगासमध्ये पहिला पुरस्कार सोहळा झाला. स्टीव्ह हार्वी आणि सेड्रिक दि एंटरटेनर यांनी सूत्रसंचालन केले. जीवनगौरव गायिका व्हिटनी ह्यूस्टनला. मालकी कृष्णवर्णीयांच्या हातून गेली आणि सोहळा सुरू झाला, हे दोन्ही एकाच काळात घडले ही गोष्ट या वाहिनीवर प्रेम करणाऱ्यांना आजही सलते आणि ती सलायलाच हवी.

विजेते ठरवण्याची पद्धत किचकट नाही. वाहिनीची एक मतदार अकादमी आहे. तिच्यात दूरचित्रवाणी, चित्रपट, संगीत, समाजमाध्यमे, क्रीडा पत्रकारिता अशा क्षेत्रांतली माणसे असतात. नामांकन आणि निकाल त्यांच्या मतावर ठरतात. प्रेक्षकांच्या पसंतीचा विभाग तेवढा लोकांच्या मतदानावर असतो. २०२५ मध्ये रॅपर केंड्रिक लमारला सर्वाधिक १० नामांकने होती आणि त्यांतले पाच पुरस्कार त्याने घेतले. पण गाण्यापलीकडेही बरेच काही असते. गॉस्पेल म्हणजे चर्चच्या परंपरेतल्या भक्तिसंगीताचा पुरस्कार बॉबी जोन्स यांच्या नावाने दिला जातो. वाहिनीवर त्यांचा गॉस्पेलचा कार्यक्रम अनेक वर्षे चालला. लहान वयाच्या कलाकारांचा विभाग आहे, चित्रपटाचा आहे, खेळाडूंचे दोन आहेत.

सगळे विभाग पडद्यावर का येत नाहीत, हे कळायला सोहळ्याचा रनडाऊन, म्हणजे मिनिटामिनिटाचा कार्यक्रमपट, डोळ्यांसमोर आणावा लागतो. साडेतीन तास धरले तर २१० मिनिटे होतात. जाहिराती त्यातला तास सहज खातात. उरलेल्या अडीच तासांत एक पुरस्कार द्यायला किती वेळ लागतो? दोन पाहुणे मंचावर येऊन टेलिप्रॉम्प्टरवरचे चार शब्द बोलतात, नामांकनांची चित्रफीत अर्ध्या-पाऊण मिनिटाची असते, लिफाफा उघडतो, विजेता खुर्चीतून उठून, भेटत-मिठ्या मारत मंचावर पोचेपर्यंत एक मिनिट जाते, मग भाषण. झटपट केले तरी चार मिनिटे. गाण्याच्या एका सादरीकरणालाही तेवढीच लागतात. म्हणजे एक पुरस्कार वाढवला की एक गाणे जाते. वीस विभाग दाखवायचे तर ८० मिनिटे पुरस्कारांतच संपतील आणि प्रेक्षक टीव्ही लावतो तो गाण्यांसाठी. त्यात आणखी एक अडचण असते. ज्याला गायचे आहे तो आधीचा किमान अर्धा तास कपडे बदलण्यात आणि माइक-इअरपीस लावून घेण्यात आत असतो. त्याचे नामांकन ज्या विभागात आहे तो पुरस्कार त्याच्या गाण्याच्या आसपास ठेवताच येत नाही. तो मागे-पुढे सरकवला की दुसऱ्याचा क्रम बिघडतो. अशा सरकवासरकवीत ज्याची बाजू घेणारे खोलीत कोणी नसते, तो विभाग बाहेर पडतो.

खेळाडूंचे बहुतेक असेच होते. हे विभाग सोहळ्याइतकेच जुने आहेत. टेनिसपटू सेरेना विल्यम्स आणि बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स यांनी ते सर्वाधिक वेळा जिंकले. पण वेळापत्रक पाहा. २०१५ चा सोहळा २८ जूनला होता आणि विम्बल्डन २९ जूनला सुरू झाले. २०१६ मध्ये सोहळा २६ ला, विम्बल्डन २७ ला. लॉस एंजेलिसच्या मंचावर संध्याकाळी पुरस्कार घेऊन दुसऱ्या दिवशी लंडनच्या गवतावर टेनिस खेळता येत नाही. बास्केटबॉलचे अंतिम सामने जूनमध्येच चालतात. महिलांच्या डब्ल्यूएनबीए लीगचा हंगाम तर तेव्हा ऐन भरात असतो. जूनमध्ये मोकळे असतात ते अमेरिकन फुटबॉलवाले. विजेता सभागृहात नसेल तर निर्माता तो विभाग थेट प्रक्षेपणात ठेवायला नाखूश असतो, कारण रिकाम्या मंचावर ‘त्यांच्या वतीने आम्ही स्वीकारतो’ हे वाक्य फारच थंड पडते. २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स आणि शिकागो स्कायची बास्केटबॉलपटू एंजल रीस हे वर्षाचे खेळाडू ठरले. आदल्या वर्षीही हेच दोघे होते. हर्ट्स त्याच वर्षीच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम लढतीत, सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ही नावे आपल्या क्रीडा पानावर यायला काय हरकत होती? ती येत नाहीत, कारण सोहळा ‘मनोरंजन’ या खणात पडतो आणि क्रीडा विभागाकडे ती बातमी जातच नाही.

खेळाडू आणि गायक एकाच मंचावर का, हाही प्रश्न रास्त आहे. कृष्णवर्णीयांना अमेरिकेत जी थोडी दारे लवकर किलकिली झाली, त्यांत मैदान आणि रंगमंच ही दोन होती. त्यामुळे समाजाच्या वतीने बोलण्याची जबाबदारीही या दोघांवरच पडत गेली. मुहम्मद अली ३ जून २०१६ ला गेले आणि तीन आठवड्यांनी झालेल्या सोहळ्यात त्यांना आदरांजली वाहण्यात आली. त्यांची कन्या लैला अली, जी स्वतः मुष्टियोद्धा होती, मंचावर बोलली. बास्केटबॉलपटू ड्वेन वेड यांना २०१३ मध्ये मानवतावादी कार्याचा पुरस्कार मिळाला. हाच पुरस्कार हॅरी बेलाफॉन्टे, क्विन्सी जोन्स आणि मर्ली एव्हर्स-विल्यम्स यांनाही मिळालेला आहे. मर्लीबाईंचे पती मेडगर एव्हर्स यांची १९६३ मध्ये नागरी हक्कांच्या लढ्यात हत्या झाली होती.

२०१६ मध्ये हा पुरस्कार अभिनेता जेसी विल्यम्सला मिळाला आणि पोलिसांच्या हिंसाचारावर त्याने केलेले भाषण देशभर गाजले. ९ जून २०२५ ला लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात स्थलांतरितांवरच्या कारवाईविरुद्ध निदर्शने चालू होती आणि पुरस्कारांचे पीकॉक थिएटर त्याच भागात आहे. रॅपर डोईची पुरस्कार घ्यायला आली आणि निदर्शकांवर लष्कर उतरवण्याविरुद्ध तिने त्याच मंचावरून ठणकावून सांगितले. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काय छापून आले? केशरचना. असे वाचले की मनापासून वाईट वाटते.

श्रद्धांजलीच्या बाबतीत या सोहळ्याचा हात कोणी धरू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. मायकल जॅक्सन २५ जून २००९ ला, गुरुवारी गेला. सोहळा रविवारी २८ ला. तीन दिवसांत ठरलेला रनडाऊन मोडला गेला. सूत्रसंचालक जेमी फॉक्सने सुरुवातच जॅक्सनच्या लाल जाकिटात केली आणि शेवटी त्याची बहीण जॅनेट जॅक्सन मंचावर येऊन कुटुंबाच्या वतीने बोलली. त्या रात्री १ कोटीहून अधिक लोकांनी सोहळा पाहिला. तीन दिवसांत हे करणे म्हणजे काय, हे वादकांना विचारा. प्रत्येक गाण्याची पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे बदलायची, एका गाण्यातून दुसऱ्यात जायचा सांधा बसवायचा, प्रकाशयोजना नव्याने लिहायची आणि साउंडचेकला प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त मिळत नाहीत.

२०१६ मध्ये पॉप गायक प्रिन्स गेला तेव्हा मात्र दोन महिने हाताशी होते, आणि तिथे निर्मात्यांनी फार शहाणपणाचा निर्णय घेतला. सगळी गाणी एका मेडलीत, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या साखळीत, कोंबली नाहीत. पूर्ण रात्रभर, थोड्या थोड्या वेळाने प्रिन्सची गाणी येत राहिली: एरिका बाडू आणि बिलाल, स्टीव्ही वंडर आणि टोरी केली, जेनिफर हडसन, मॅक्सवेल, जनेल मोने आणि शेवटी शीला ई., जी प्रिन्सबरोबर वाजवत आलेली. मेडलीत प्रत्येक गाण्याचा फक्त मुखडा येतो आणि गायक बदलला की कान पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. पसरून ठेवले की प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळतो आणि मृत माणूस त्या रात्रीचा यजमान होऊन बसतो. आपल्याकडे लतादीदींना, सुरेश वाडकरांच्या पिढीतल्या कुणालाही मानवंदना देताना वीस गाण्यांची आगगाडी जोडणाऱ्या निर्मात्यांनी हे जरूर पाहावे.

चुका या सोहळ्यातही होतात आणि त्या बातमीत आल्या पाहिजेत. २०११ मध्ये प्रेक्षकांच्या पसंतीच्या विभागात आधी गायक क्रिस ब्राउनचे नाव उच्चारले गेले, मग गायिका रिहानाचे. रॅपर ड्रेकने तिच्या वतीने पुरस्कार स्वीकारला आणि त्याच रात्री नंतर विजेता ब्राउनच असल्याचे सांगावे लागले. लोकांचे मतदान शेवटपर्यंत चालू ठेवले की हा धोका असतोच. बाकीच्या विभागांचे निकाल लिफाफ्यात बंद होऊन आलेले असतात. या एका विभागाचा आयत्या वेळी हातात पडतो आणि वाचणाऱ्याला तो आधी डोळ्यांखालून घालायलाही मिळत नाही. उपाय साधा आहे. मतदान तासभर आधी बंद करावे आणि वाचणाऱ्याच्या हातात एकच नाव असलेला एकच कागद द्यावा.

३० जून २०२४ ला अशर या गायकाला जीवनगौरव मिळाला आणि त्याच्या भाषणाचे तुकडेच्या तुकडे घरी ऐकू आले नाहीत. ध्वनियंत्रणेत बिघाड झाला असे सांगून वाहिनीने त्याची माफी मागितली. थेट प्रक्षेपण मुळात काही सेकंद उशिराने सोडलेले असते. शिवी आली तर पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात, बसलेला माणूस तेवढ्या अवधीत आवाज बंद करतो. बटण लवकर दाबले तर आधीचा निर्दोष शब्द जातो, उशिरा सोडले तर पुढचे वाक्य जाते. बोलणारा भावनेच्या भरात असला, मध्येच टाळ्या पडल्या, की नेमका शब्द पकडणे अवघड होते. आयुष्यभराच्या कामाचा सन्मान होत असताना त्या माणसाचे शब्दच घरी पोचू नयेत, याची भरपाई नंतरच्या माफीने होत नाही.

आणि ज्या अन्यायातून हा मंच जन्मला, तोच अन्याय या मंचाने स्वतः केला, हेही लिहायला हवे. आफ्रिका आणि ब्रिटनमधल्या कलाकारांसाठी २०१० पासून विभाग होते. पण तो पुरस्कार वर्षानुवर्षे मुख्य सोहळ्याच्या आधी, बाजूच्या कार्यक्रमात दिला जाई. नायजेरियातल्या लेगोसहून किंवा घानातल्या अक्राहून प्रवास करून आलेल्या विजेत्याला कॅमेऱ्यांपुढे उभे राहायला मिळत नसे. आफ्रिकी कलाकारांनी यावर उघड नाराजी बोलून दाखवली. २०१८ मध्ये नायजेरियाच्या डेव्हिडोला तो मुख्य मंचावर मिळाला. पुढच्या वर्षी बर्ना बॉयच्या वतीने त्याच्या आई बोसे ओगुलू यांनी तो स्वीकारला आणि तुम्ही दुसरे काहीही होण्याआधी आफ्रिकी होतात हे विसरू नका, अशी आठवण सभागृहाला करून दिली. पुढे टेम्स, टायला, आयरा स्टार यांना हा पुरस्कार मिळाला. आफ्रोबीट्सची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या नव्या पॉप संगीताची, गाणी आज पुण्या-मुंबईच्या लग्नांत वाजतात. ती गाणाऱ्यांना या मंचावर जागा मिळवण्यासाठी भांडावे लागले, हे ऐकणाऱ्यांना कळले पाहिजे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वाहिनीने आपले हिपहॉप पुरस्कार आणि पुढे तिच्याकडे आलेले सोल ट्रेन पुरस्कार स्थगित केल्याचे सांगितले. त्यामुळे जूनच्या या एका सोहळ्यावर सगळा भार आला आहे. तिथे आता कोणता विभाग पडद्यावर येतो आणि कोणता गळतो, याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आहे.

शेवटी वेळेचे गणित मांडतो, कारण बातमी गालिच्यावर थांबण्यामागे हेही एक कारण असावे. सोहळा बहुधा रविवारी न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रात्री ८ ला सुरू होतो. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा संध्याकाळचे ५ वाजलेले असतात. आपल्याकडे सोमवारची पहाट, साडेपाच. सोमवारचा अंक तोवर छापून दारात पडलेला असतो. सोहळा संपतो तेव्हा आपले ९ वाजलेले असतात. गालिच्याची छायाचित्रे मात्र त्याच्या कितीतरी आधी, तिथल्या दुपारपासून वृत्तसंस्थांकडून येऊ लागतात. ज्याची छायाचित्रे आधी येतात तेच आधी लावले जाते आणि मंगळवारच्या अंकात विजेत्यांची यादी शिळी म्हणून कापली जाते. माझी विनंती एवढीच की मंगळवारच्या अंकात ती यादी पूर्ण द्यावी, अगदी बारीक टाइपात दिली तरी चालेल. कोणते पुरस्कार प्रक्षेपणात दिले आणि कोणते बाहेर, हे नावापुढे एखाद्या खुणेने दाखवावे. आणि वर्षाच्या दोन खेळाडूंची चार ओळींची बातमी क्रीडा विभागाकडे पाठवावी.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे